मालनताईंचं आलवण

परशुरामपंत बेहेरे गेले, ही बातमी वर्तकनगरात दुपारच्या चहाआधी पसरली, आणि चहा होईपर्यंत तिला छातीत कळ, दरदरून घाम, "जरा पाणी दे गं" एवढंच म्हणून मान टाकणं, असे सगळे तपशील चिकटले. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. पंत त्या वेळी शीळफाट्यावर एका रसवंतीत उभे राहून उसाचा रस पीत होते. बिनबर्फाचा, कारण बर्फाने त्यांचा घसा धरतो. त्यांच्या जुन्या कारखान्यातल्या कोणीतरी तिकडे प्लॉट घेतला होता आणि आपणही घ्यावा का हे ठरवायला पंत गेले होते. ठरलं काहीच नव्हतं. पंतांचं सहसा काही ठरत नसे.

बातमी खोटी होती, पण शेवंताबाईंनी ती हवेतून काढली नव्हती. समोरच्या बिल्डिंगमधल्या शेवंताबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून साऱ्या कॉलनीवर लक्ष ठेवायच्या, आणि त्यांच्या खिडकीत पेपरपेक्षा ताजं छापून यायचं. त्या दिवशी फोडणी टाकताना त्यांना समोरच्या गॅलरीत पंतांच्या पत्नी, मालनताई, दिसल्या. कपाळावर कुंकू नाही, हातात बांगडी नाही, अंगावर तांबूस जाडंभरडं लुगडं, आणि पदर वाऱ्याने उडाला तर खाली डोकं तुळतुळीत. शेवंताबाईंची फोडणी जळली.

एकोणीसशे एकोणनव्वद सालात नवरा गेल्यावर बायकोचं डोकं कोण भादरतं, आणि तेही प्रेत घरात असताना, एवढा प्रश्न शेवंताबाईंना पडायला हरकत नव्हती. पण तो पडला असता तर त्या शेवंताबाई कसल्या? त्यांनी गॅस बंद केला, चपला सरकवल्या आणि जिन्यातच पहिली बोंब ठोकली.

आता या मालनताई कोण ते सांगायला हवं. वर्तकनगरात त्यांना न ओळखणारं पोर नव्हतं, कारण जवळजवळ प्रत्येक पोराच्या तोंडाला त्यांनी कधी ना कधी रंग फासला होता. शाळांची गॅदरिंगं जवळ आली की बेहेऱ्यांच्या दारात रांग लागायची. कोणाला वासुदेव व्हायचं, कोणाला टोमॅटो. मालनताईंकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात काजळ, काव, झिंक पावडर, कापसाच्या मिशा आणि मोडक्या नथा सुखाने एकत्र नांदत. पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो जुन्या काळच्या बायकांच्या नटण्यात. नऊवारी नेसवावी तर मालनताईंनीच. सरदारणीचा घोळ वेगळा, भटजीच्या बायकोच्या निऱ्या वेगळ्या, शेतावर जाणारीचा कासोटा वेगळा. खोपा घालून त्यावर केवड्याचं पान असं खोचत की बाई मान हलवायला विसरायची. हनुवटीवर काजळाचा तीळ, दंडावर निळ्या शाईचं गोंदण. घरात जिला कोणी विचारत नसे अशी एखादी बाई मालनताईंच्या आरशासमोरून उठून अशी सरदारीण होऊन घरी जायची, की जाताजाता नवऱ्यालाच पाणी आणायला सांगायची.

दर चैत्रात महिला मंडळाचं हळदीकुंकू समाजमंदिरात व्हायचं आणि त्यात जुन्या वेशभूषेची स्पर्धा असायची. निम्मं मंडळ मालनताई सजवत, मग उरल्या वेळात स्वतः सजत. दोनदा त्या राणी झाल्या होत्या. एकदा पेशवाईतली नायकीण झाल्या, त्यावर पंत आठवडाभर भाजी आणायला नाक्यावर गेले नाहीत.

त्या वर्षी मात्र एका सकाळी मालनताईंनी नुसतंच सांगितलं, "यंदा मी आमच्या वारूआत्याला नेणार आहे."

पंत दाढी करत होते. "ने की," ते म्हणाले.

वारूआत्या ही मालनताईंच्या वडिलांची आत्या, आणि ती आपल्या लग्नाच्याही आधी वारली होती, हे पंतांच्या संध्याकाळी लक्षात आलं. पण सकाळी "ने की" म्हटलेला माणूस संध्याकाळी "कुठून नेणार?" असं कसं विचारणार? दोन दिवसांनी न्हाणीघरातल्या बादलीत कावेचं लाल पाणी दिसलं. त्यात एक जुनं पांढरं लुगडं भिजत होतं आणि त्याच्या जोडीला चुकून पंतांचं बनियनही. मग पोहताना घालतात तसली एक रबरी टोपी घरात आली. आत्या वारली, पोहायला कोण जाणार, आणि आपलं बनियन भगवं का झालं, या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, हे पंतांना कळेना. विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं, आणि ते शीळफाट्याला प्लॉट बघायला निघून गेले.

ते घराबाहेर पडताच मालनताईंनी रंगीत तालीम धरली. बांगड्या साबणाने उतरवून देवापुढच्या तबकात ठेवल्या, मंगळसूत्रही ठेवलं. मुलतानी माती आणि झिंक पावडर कालवून चेहऱ्यावर सुरकुत्या काढल्या. गाल बसलेले दिसावेत म्हणून त्यावर तव्याची काजळी. केस चापून बसवले, रबरी टोपी कपाळावर ओढली आणि तिला कातडीचा रंग दिला. आता टोपीची कड दिसत होती. वास्तविक डोक्यावरून पदर येणार होता, त्यात ती कड लपली असती. पण मालनताईंचं काम तसलं नव्हतं. "पदर सरकला तर?" असं त्या स्वतःलाच म्हणाल्या आणि ती कड त्यांनी सायकलचं पंक्चर काढायच्या सोल्यूशनने कपाळाला चिकटवली.

चिकटली. फारच छान चिकटली. निघता निघेना. मालनताईंना आग व्हायला लागली, म्हणून कोणाला तरी हाक मारावी या विचाराने त्या गॅलरीत आल्या. आणि समोर शेवंताबाईंची फोडणी जळली ती त्या वेळी. मदतीला येतील असं वाटलेल्या शेवंताबाई खिडकीतून एकाएकी नाहीशा झाल्या, तेव्हा मालनताई न्हाणीघरात शिरल्या आणि खोबरेल ओतून टोपी ओढायला लागल्या. प्रत्येक ओढीला तोंडातून कण्हणं बाहेर पडत होतं. दाराची कडी त्यांनी पंतांसाठी काढून ठेवली होती.

त्या उघड्या दारातून वर्तकनगर आत आलं. आतून येणारं कण्हणं ऐकून बायकांनी डोळ्यांना पदर लावले. विठ्ठलराव मोहिते आले. कॉलनीत कोणाच्याही घरी असा प्रसंग झाला की पुढची सगळी व्यवस्था विठ्ठलराव हातात घेत. त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि बांबू कुठले आणायचे याचा हिशेब मनात मांडला. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणींनी पिठलं-भात रांधायला घेतला, आणि आश्चर्य म्हणजे मंडळी हळहळत होती तेवढ्यात दोन पातेली येऊनही पोचली. न्हाणीघराचं दार ठोठावायचं धैर्य कोणालाच झालं नाही. "रडू दे तिला," बायका एकमेकींना सांगत होत्या, "मोकळं होऊ दे."

पंत जिना चढून आले ते या गर्दीत. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत माना खाली घातलेली माणसं, आणि हवेत पिठल्याचा वास. पिठल्याचा वास म्हणजे मयताचं घर. त्यांनी सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या पाठीला हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

पाठीने वळूनही न बघता सांगितलं, "बेहेरे."

पंतांचे थोरले भाऊ आबा कल्याणला असत. ऐंशीच्या घरात होते, दमेकरी होते. पंतांना दुसरं काही सुचलंच नाही. ते तिथेच पायरीवर बसले आणि रुमालात तोंड खुपसून हुंदके देऊ लागले. "आबा रे, भेट नाही झाली आपली!" शेजारच्या बाईने, कोण रडतंय ते न बघता, त्यांच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

हा घोळ कुठपर्यंत गेला असता देव जाणे. पण कळव्याची सगुणाबाई कोळीण त्या दिवशी कॉलनीत मासळी घेऊन आलेली. बातमी ऐकून तिने टोपली खाली जिन्याशी ठेवली आणि वर आली. तिने आधी आत डोकावलं, मग पायरीवरच्या पंतांकडे बघितलं, मग पुन्हा आत.

"काय गो बायांनो, मयत कुटं हाय?"

मयत कुठे आहे हे खरोखरच कोणी पाहिलं नव्हतं.

"कल्याणला असेल," पंत रडत म्हणाले.

तेव्हा पहिल्यांदा सगळे वळले. विठ्ठलरावांच्या डोक्यावरचा रुमाल सुटून गळ्यात आला. एक बाई "अगं आई गं" म्हणून मटकन खाली बसली. आणि सगुणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्यो का तुमचा मेलेला म्हातारा? ह्यो सुक्या बोंबलासारका चिवट हाय, ह्यो नाय जायाचा इतक्यान."

त्याच वेळी न्हाणीघराचं दार उघडलं. मालनताई बाहेर आल्या. डोक्याला अर्धवट निघालेली टोपी, चेहऱ्यावर तेलात विरघळलेली काजळी. त्यांनी भरलेलं घर बघितलं, पातेली बघितली, आणि रडणारा नवरा बघितला.

"काय झालं? कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"तूच सांग ना," पंत म्हणाले.

उलगडा व्हायला संध्याकाळ झाली आणि तरीही तो पुरता झाला नाही. मंडळी एकेक करून निघाली. जाताना काय म्हणायचं हे कोणाला कळेना. मयताच्या घरून निघताना "येतो" म्हणत नाहीत आणि जिवंत माणसाच्या घरून न म्हणता जात नाहीत. बरेचजण नुसतेच घसा खाकरून गेले. पिठल्याचं काय करावं हे तर कोणालाच सुचलं नाही. परत न्यावं तरी पंचाईत, ठेवावं तरी अपशकुन. शेवटी ते राहिलं, आणि पंतांनी ते रात्री कांदा फोडून खाल्लं. शेवंताबाईंच्या पिठल्यात गुठळ्या होत्या, हे त्यांनी नंतर कित्येकांना सांगितलं.

पण त्याआधी एक काम होतं. टोपी पुढच्या बाजूने केसांसकट चिकटली होती आणि कात्रीशिवाय सुटणार नव्हती. मालनताई पाटावर बसल्या आणि त्यांनी कात्री पंतांच्या हातात दिली.

"कापा."

"अगं, पण केस..."

"केसच म्हणतेय मी. नाक नव्हे."

मालनताईंचे केस म्हणजे वर्तकनगरातल्या बायकांचा हेव्याचा विषय. चोपन्नाव्या वर्षीही अंबाडा नारळाएवढा. "मला नाही जमत. मंडळाच्या लक्ष्मीबाईंना बोलावू का?"

"नको. हात धुतलेत ना? मग कापा."

पंतांनी पहिली बट कापली. ती पाटावर पडली, तिच्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

"वारूआत्याकडे न्हावी यायचा," मालनताई म्हणाल्या, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. "मागच्या दारी. पडवीच्या कोपऱ्यात ती मान खाली घालून बसायची, अशीच. लग्न झालं तेव्हा परकर नेसत होती म्हणे, आणि त्याच वर्षी नवरा गेला. मला कळायला लागलं तेव्हा म्हातारीच झालेली. न्हावी गेला की आंघोळ करायची आणि मला हाक मारायची. मालू, फणी आण."

"फणी कशाला?"

"माझा खोपा घालायला. तुम्हाला काय वाटतं, मला खोपा कोणी शिकवला?"

"तुझ्या आईने."

"आईला वेणी धड घालता येत नव्हती. आत्याने शिकवला. डोक्यावर एक केस नसलेल्या बाईने. नऊवारी नेसायच्या सगळ्या तऱ्हा तिने. स्वतः जन्मभर त्या एका तांबड्या आलवणात, विधवेच्या लुगड्यात. पण कोणत्या निरीला किती बोटं घ्यायची हे तिला झोपेत विचारावं." मालनताईंनी मान जरा वळवली. "इकडून कापा. तिकडे नको. चैत्रगौरीला पहाटेपासून ती डाळ वाटायची, कैऱ्या किसायची, पन्हं करायची. आणि बायका हळदीकुंकवाला यायला लागल्या की मागच्या खोलीत जाऊन दार लोटून बसायची. मी पळत जाऊन तिला सांगायचे. कोणी काय नेसलंय, कोणाची नथ केवढी. ती खोदून खोदून विचारायची, आणि दुसऱ्या दिवशी मला तसंच्या तसं नटवायची. न बघता."

पंत कापायचे थांबले होते.

"मंडळात दरवर्षी सगळ्या राण्या आणि सरदारणी," मालनताई म्हणाल्या. "जसं काही जुन्या काळात दुसऱ्या बायकाच नव्हत्या. मला तिला एकदा पुढच्या खोलीत बसवायचंय, एवढंच. बायकांच्या रांगेत. बक्षीस नको मला."

पंतांच्या डोक्यात बरंच काही आलं, त्यातलं एकच बाहेर पडलं.

"पण मी जिवंत आहे."

"आहात ना," मालनताई म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणतेय? कापा."

दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या अध्यक्षीणबाई, लक्ष्मीबाई दामले, घरी आल्या. लक्ष्मीबाई वाईट नव्हत्या. पण त्यांना कुठलीही गोष्ट मंडळाच्या घटनेत कुठे बसते हे आधी बघायची सवय होती, आणि आलवण कुठेच बसत नव्हतं.

"मालनताई, गौरीपुढे हे शोभणार नाही हो. सवाष्णींचं हळदीकुंकू ते."

"स्पर्धा जुन्या वेशाची आहे ना? याहून जुना कुठून आणू?"

"जुना म्हणजे... जरा चांगला जुना."

"नायकीण चालली होती की."

लक्ष्मीबाई पंतांकडे वळल्या. "पंत, तुम्हीच सांगा. तुमच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुमची हरकत नसेल तर मंडळाचीही नाही. मात्र एक. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. सगळ्यांना दिसाल असे."

"मी? बायकांच्या कार्यक्रमात?"

"जिवंत आहात हे दिसायला हवं ना! कालच्या गोंधळानंतर निम्म्या बायकांना अजून खात्री नाही."

पंतांनी दोन दिवस मागून घेतले. आयुष्यात त्यांनी इतका विचार कधी केला नव्हता. कारखान्यात ते टाइम ऑफिसला होते. कोण आत आला, कोण बाहेर गेला, एवढंच तिथे बघायचं असे आणि दोन्ही एकदम कधीच होत नसे. इथे मात्र माणूस आत असून बाहेर धरला जात होता. विठ्ठलरावांनी त्यांना धीर दिला, की मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, सगळे तसंच म्हणतात. पंतांना बरं वाटलं. मग शेवंताबाई म्हणाल्या, की नवरा असताना बायकोने तसलं सोंग घेतलं की आयुष्य घटतं. आता बातमीने किती वाढलं आणि सोंगाने किती घटणार, आणि वजाबाकी करून हाती काय उरतं, याचा मेळ पंतांना रात्रभर लागेना.

सकाळी जिन्याखाली सगुणाबाई भेटली. पंतांच्या घरात मासळी शिजत नाही, त्यामुळे भावाची घासाघीस नसे आणि तिच्याशी मोकळेपणाने बोलता येई. त्यांनी तिलाच विचारलं.

सगुणाबाई हसली ती टोपली हलेपर्यंत. "आवं पंत, आमचे कल्व्याला शिमग्याचे सोंगात बापये लुगरी नेसतान. म्हनून काय त्यांना पोरा व्हतान?"

पंतांना हे एकदम पटलं. जिना चढेपर्यंत पटलेलं होतं. दारात पोचले तेव्हा पुन्हा घोटाळा झाला, की पोरं होत नाहीत हे ठीक, पण मरणाचं तसं असतं का? आत मालनताई आरशासमोर बसल्या होत्या. कपाळाच्या वर बोटभर रुंद पट्टा कापला गेला होता आणि तिथे खुंट उभे राहिले होते. त्या त्यावर हात फिरवून बघत होत्या. पंतांकडे न बघता त्यांनी विचारलं, "ठरलं?"

"बस तू जाऊन," पंत म्हणाले, आणि मग आपण काय म्हणालो याचंच त्यांना नवल वाटलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी समाजमंदिर फुलून गेलं होतं. समोर आराशीत गौर, पुढे कलिंगडाची कमळं, आंब्याची डाळ, पन्ह्याचं पिंप. मालनताईंनी सकाळपासून बायकांना नेसवलं होतं, स्वतःच्या आधी, नेहमीसारखं. त्यामुळे मंचावर एकापेक्षा एक सरदारणी येत होत्या. एकीची नथ बोलताना तोंडात जात होती. एकीचा खोपा पुठ्ठ्याचा होता आणि पंख्याच्या वाऱ्याने हळूहळू घुमत होता. पंत पहिल्या रांगेत, रेशमी झब्ब्यात, गुडघ्यांवर हात ठेवून जिवंत बसले होते. मागच्या बायका अधूनमधून पुढे वाकून खात्री करून घेत होत्या.

मग मालनताई आल्या. कावेत बुडवलेलं आलवण, सुरकुतलेलं तोंड, रिकामे हात. टोपी या खेपेला त्यांनी कणकेच्या खळीने चिकटवली होती, ती नीट बसली होती. मालनताई मंचाच्या कडेला, जमिनीवर बसल्या. समोर कोणी नव्हतं. पण त्यांनी गुडघ्यांत एखादी पोर धरावी तसे पाय आवळले आणि हवेत फणी चालवायला लागल्या. गुंता सोडवला. दातांत आकडा धरला. पेड घातले, वळवले, खोपा बांधला, त्यावर फूल खोचलं, आणि समोरच्या नसलेल्या पोरीची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवून बघितलं. मग पुसटशा हसल्या.

टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच कळलं नाही. काही जणींनी हात अर्धवट जवळ आणून परत मांडीवर ठेवले. सगळ्यांनी पंतांकडे बघितलं. स्वतःच्या विधवेला टाळ्या वाजवणं बरं दिसतं का, हे पंतांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एक टाळी वाजवली. ती एकटीच वाजली.

एरवी स्पर्धा झाली की नटलेल्या बायका गौरीपुढे रांगेत बसायच्या आणि त्यांना पहिलं हळदीकुंकू लावलं जायचं. मालनताई उठल्या आणि त्या रांगेत, दोन सरदारणींच्या मध्ये, जाऊन बसल्या. सरदारणी नकळत थोड्या सरकल्या. तबक शेवंताबाईंच्या हातात होतं. त्या एकेकीला हळद लावत, कुंकू लावत पुढे आल्या, आणि मालनताईंपाशी त्यांचं बोट हवेतच थांबलं. बोटाला कुंकू होतं. लावावं तर आलवणातल्या बाईला कुंकू. वगळावं तर नवरा समोर बसलेला असताना सवाष्णीला वगळलं. शेवंताबाईंनी बोट पुढे नेलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं. उजवीकडच्या सरदारणीने डोळे मिटून घेतले.

"अहो लक्ष्मीबाई," शेवंताबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "इथे काय करू?"

लक्ष्मीबाई पुढे आल्या. त्यांनी मालनताईंकडे बघितलं, गौरीकडे बघितलं, आणि घटनेत काहीच न सापडल्यामुळे पंतांकडे बघितलं. "पंत, सांगा की काहीतरी."

पंत उभे राहिले. सारं समाजमंदिर त्यांच्याकडे बघत होतं.

"मी आहे," ते म्हणाले. मग ते अपुरं वाटलं म्हणून पुढे म्हणाले, "म्हणजे, हजर आहे."

कोणी हसलं नाही. पंत खाली बसले. मालनताई मान खाली घालून बसल्या होत्या. मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरलेले होते, आणि त्या उठणार नव्हत्या हे पंतांना पहिल्या रांगेतून स्वच्छ दिसत होतं. सबंध दिवसात त्यांना एवढं एकच स्वच्छ दिसलं.

लक्ष्मीबाई वाकल्या आणि समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "मालनताई, आमचं काही म्हणणं नाही हो. सोंग झकास झालं. आता आत जाऊन तोंड धुवा, मंगळसूत्र घाला आणि या. मग मी माझ्या हाताने लावते. असं कसं लावायचं? नवरा दिसायला नको का अंगावर?"

मालनताईंनी मान वर केली आणि कपाळ पुढे केलं.

"दोनदा मी इथे राणी होऊन बसले, तेव्हा आधी राज्य दाखवा मग कुंकू लावतो, असं तुमच्यातली एकही म्हणाली नव्हती. लावा."